मिशी दिसेल असा काळा

“अण्णा! झोपलात ना पुन्हा?”

रंगाची गन हातात तशीच धरून तो ओरडला, तेव्हा चिमणी कधीच पसार झाली होती. काळ्या गाडीच्या बॉनेटवर, रंगाच्या नुकत्याच मारलेल्या शेवटच्या हातावर, ती पांढरा ठिपका टाकून गेली होती. एकाच बॉनेटवर तिसऱ्यांदा. आता पुन्हा पॉलिशपेपरने घासा, पुन्हा पुसा, पुन्हा रंग मारा. आणि गाडीचा मालक उद्या संध्याकाळी दारात उभा राहणार.

दाराजवळच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, “झोपलो नव्हतो रे. टॉवेल झटकला मी. ती टॉवेलाला भीत नाही आता.”

“तुम्हालाच कोण भितंय!”

तोंडातून गेलं ते गेलं. परत घ्यावं असंही त्याला वाटलं नाही, इतका तो पेटला होता.

याच गॅरेजात अण्णांनी उभी हयात गाड्या रंगवल्या होत्या. मग हात थरथरायला लागले, आणि थरथरत्या हाताने मारलेला रंग ओघळतो. गन मुलाकडे आली, अण्णांकडे टॉवेल आला. उन्हाळ्यात शटर ओढून घ्यावं तर आतल्या वासाने माणूस आडवा व्हायचा. उघडं ठेवावं तर चिमण्या बापाचं घर असल्यासारख्या आत शिरायच्या. जाळी लावून झाली, त्या खालच्या फटीतून आल्या. चकचकीत पट्ट्या टांगल्या, तर बयांनी त्यांवर झोके घेतले. म्हणून दारात अण्णा. शिवाय कोणी न सांगता एक काम त्यांच्याकडेच राहिलं होतं. गाडी तयार झाली की ते बॉनेटवर वाकून स्वतःची मिशी बघायचे. केस न् केस दिसला की म्हणायचे, “सोड गाडी.” त्याहून जास्त कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी तो जीव टाकायचा.

ठिपका पुसून तो फडकं धुवायला बाहेर आला, तर नळाखाली अण्णा वाकलेले. जुनं घमेलं पाण्याने भरून, फरफटत भिंतीच्या सावलीला नेत होते. ते बाजूला होतात न होतात तोच दोन चिमण्या काठावर येऊन बसल्या.

“हे काय? मी आत हाकलून हाकलून मरतोय आणि तुम्ही बाहेर पाहुणचार मांडलाय?”

“अरे, ते असू दे. त्याचं काय आहे—”

“काही नाही त्याचं!” त्याने घमेल्याला लाथ घातली. पाणी अण्णांच्या पायांवरून वाहत गेलं. “उद्यापासून खाली यायचं नाही. वर घरात बसा गपचूप. तुमची राखण नको मला आणि तुमची भूतदयाही नको.”

अण्णांनी टॉवेलाची नीट घडी घातली, खांद्यावर टाकली आणि भिंतीला हात लावत जिना चढू लागले. जिन्यात त्याची बायको उभी होती.

“अहो, कोणाशी बोलताय, काही शुद्ध आहे का?”

“तू मध्ये पडू नकोस,” तो म्हणाला. त्याला बायकोचाही राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बॉनेट घासून गुळगुळीत केलं. धूळ खाली बसावी म्हणून जमिनीवर सगळीकडे पाणी मारलं. ही रीत अण्णांचीच. पाणी मारल्याशिवाय त्यांनी कधी गनला हात लावू दिला नव्हता. पहिला हात मारून होतो न होतो तोच चिमण्या आल्या. दारात खुर्ची रिकामी होती. एक आली, मग चार आल्या, मग मोजदाद राहिली नाही. शिव्या द्यायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. एकही चिमणी घरटं बांधायला आढ्याकडे गेली नव्हती. सगळ्या सरळ खाली उतरल्या आणि जमिनीवरच्या पाण्यात चोची बुडवू लागल्या. बाहेर सगळं रखरखीत. पाणी काय ते याच्याच पायाशी. पिऊन झालं की गाडीवरूनच उडायच्या.

म्हणजे इतके दिवस आपणच यांना बोलावत होतो. आणि काल अण्णा तेच सांगायला निघाले होते.

त्याला चिमण्यांचा राग आला, पाण्याचा आला, ‘असू दे’ म्हणून गप्प बसणाऱ्या बापाचा आला. एवढं सांगायला काय झालं होतं? मग आठवलं की ते सांगत होते. तेव्हा मात्र राग कुठे टाकावा हे त्याला समजेना. पालथं पडलेलं घमेलं त्याने उचललं, भरलं, सावलीत ठेवलं. चिमण्या तिकडे गेल्या. बॉनेटचा शेवटचा हात डाग न पडता वाळला.

तो वर गेला. अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले होते. टॉवेल खांद्यावरच होता.

“अण्णा, घमेलं भरून ठेवलंय.”

“बरं केलंस. पाणी तापतं उन्हाने. बदलत जा.”

“आधी सांगायचं ना पण!”

अण्णांनी मान वळवली. त्यांचा आवाज चढला नाही, तरी बायको हातातलं काम थांबवून बघू लागली. “कोणाला सांगू? लाथ मारायच्या आधी ऐकून घेतोस तू? माझ्या पायांवरून पाणी गेलं, तरी तुझं लक्ष घमेल्याकडे.”

“चुकलो मी. चला ना खाली. मिशी बघायची राहिलीये.”

“तुझी बघ.”

“मला कुठे मिशी आहे?”

“मग वाढव.”

बायकोला हसू येणार होतं. अण्णांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

संध्याकाळी मालक आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून “झकास” म्हणाला. किल्ली देण्याआधी त्याने मुद्दाम गाडी बाहेर काढून बरोबर वरच्या खिडकीखाली उभी केली आणि बॉनेटवर वाकला. तारा दिसत होत्या, तारेवरच्या चिमण्या दिसत होत्या, खिडकीचा गज न् गज दिसत होता. गजांमागे कोणी नव्हतं.

“काही राहिलंय का?” मालकाने विचारलं.

त्याने बॉनेटवरून एकदा फडकं फिरवून किल्ली मालकाला दिली.

“सोड गाडी,” तो स्वतःलाच म्हणाला, आणि घमेल्यातलं पाणी बदलायला गेला.