त्रेचाळीस नंबरचा चमत्कार

आधी नुसतं खर्रकन वाजलं, मग ताटात पांढराशुभ्र लखलखाट झाला, आणि फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानात दाटीवाटीने बसलेल्या तीनशे माणसांनी एका सुरात "आहाहा!" केलं. काडी नाही, लायटर नाही, रॉकेलचा थेंब नाही, आणि जाळ!

"हा दगड आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडवला की नाही?" जलाग्निबाबा गरजले.

"बुडवला!"

"ओल्या दगडातून आग निघते का?"

"नाही!"

"मग आता डोळे भरून बघा!" बाबांनी तांब्यातलं पाणी जाळावर शिंपडलं. विझायचं सोडून जाळ दुप्पट भडकला. लोक पार वेडे झाले. पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड वकिलाने तर चष्मा काढून डोळे टिपले. आयुष्यभर साक्षीदारांची उलटतपासणी घेतलेला माणूस, पण बाबांना एक प्रश्न विचारायचं त्याला सुचलं नाही.

"हा दगड नाही, बाळांनो, हा सूर्याचा दुधाचा दात आहे!" बाबा सांगत होते. "याची कंपनं रोगाच्या कंपनांना खाऊन टाकतात. विज्ञान जिथे दमून खाली बसतं, तिथून आमचं हे मनगटातलं कडं चालायला लागतं. औषधं आणलीत ना? औषध रोगाला पोसतं. औषध जाळा, रोग उपाशी मरेल!"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशीच्या कपाळावरची शीर उडायला लागली. ही मावशी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं चंचुपात्रं धुऊन निवृत्त झालेली बाई. आख्खी गल्ली तिला ठिणगीमावशी म्हणायची, कारण तिला एक जगावेगळा नाद होता. जुन्या फौजी सर्व्हायव्हल किटमधली आग पेटवायची साधनं ती जमवायची. मेणात बुडवलेल्या काड्यांचे डबे, जखमी वैमानिकाला एका हाताने फिरवता येईल असं ठिणगीचं चाक, कापसाच्या मेणवलेल्या गोळ्या, असलं सगळं. लोक भांडी जमवतात, साड्या जमवतात. हिचं कपाट उघडलं तर जुन्या युद्धाचा वास यायचा.

आज मात्र ती नादापायी आली नव्हती. तिच्या शेजारी धाकटी बहीण बसली होती, आणि दोघींच्या मध्ये बहिणीची दहा वर्षांची लेक. पोरीला सहाव्या वर्षापासून फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गेली दोन वर्षं एकही आली नव्हती. "गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल," असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणि आज सकाळची आठची गोळी बहिणीने दिलीच नव्हती. साडेदहा वाजून गेले होते. गोळ्यांची पाकिटं तिने रुमालात बांधून ताटात टाकायला आणली होती.

"अगं, निदान आजची तरी दे," मावशी पुटपुटली.

"ताई, आता पुन्हा सुरू करू नकोस." बहिणीने रुमालाची गाठ आणखी आवळली. "तुला काय जातंय गं बोलायला? रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या घशात मी गोळी घालते. जन्मभर घालायची का? तू तुझं भंगार सांभाळ."

बहीण मूर्ख नव्हती, दमली होती. आणि दमलेली माणसं नेमकी कुठे सापडतात, ते असल्या बाबांना बरोबर ठाऊक असतं.

मंचावर दुसरा जाळ करायची तयारी चालली होती. बाबांनी पुडीतून करडी राख चिमूटभर ताटात सोडली. दगड बुडवला, पुसला. करडा, काड्यापेटीएवढा, कडेला काळी रेघ, आणि एक टोक लाल कापडात गुंडाळलेलं. मनगटातलं लोखंडी कडं काढून त्यांनी काळ्या रेघेवर टेकवलं. आणि मग मावशी एकदम पुढे वाकून बघायला लागली. बाबांनी कडं पुढे ढकललंच नाही. कडं जागच्या जागी धरून त्यांनी दगड सर्रकन मागे ओढला.

ही लकब तिची होती! पातं हलवायचं नाही, ठिणगीची सळई मागे ओढायची, म्हणजे हाताच्या धक्क्याने खालचा भुगा उधळत नाही. स्वतःची बोटं भाजून भाजून शिकलेली ही गोष्ट तिने जगात एकाच माणसाला शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात स्टोव्ह विकणारा एक माणूस भेटला होता. तिच्याकडे आग पेटवायची अशीच एक करडी वडी जादा होती, ती त्याला देऊन तिने वैमानिकाचं ते चाक घेतलं होतं. त्या माणसाने दोन तास तिचं सगळं ऐकून घेतलं, जांभई न देता. तिच्या नादाचं कौतुक करणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं. बाई हुरळून गेली आणि होतं नव्हतं ते सगळं ज्ञान त्याच्या पदरात ओतून मोकळी झाली. तेव्हा त्याला दाढी नव्हती, एवढाच काय तो फरक.

म्हणजे या भोंदूची गुरू कोण, तर आपणच! मावशीला आधी लाज वाटली, आणि मग सडकून राग आला.

बहीण रुमाल घेऊन उठली. मावशीही उठली.

"बाबा, एक शंका आहे."

"शंका?" बाबा गोड हसले. त्यांनी तिला ओळखलं नाही. बाजारातल्या त्या दोन तासांत त्यांचं लक्ष वडीकडे होतं, बाईकडे नव्हतंच. "माई, शंका म्हणजे मनाची मूळव्याध! ती चपलांबरोबर बाहेर काढून यायची."

सभेत खसखस पिकली. मावशीने ती पिकू दिली.

"त्या लाल कापडाखाली काय आहे?"

"ते गुह्य आहे. बघेल त्याचे डोळे जातील."

"मग नका उघडू. मी इथूनच सांगते. तिथे त्रेचाळीस आकडा आहे. लाल नेलपॉलिशने लिहिलेला. आणि तीनचं शेपूट वाजवीपेक्षा लांब गेलंय, कारण लिहिताना मला शिंक आली होती."

बाबांची मूठ दगडाभोवती घट्ट आवळली गेली. "माझी... माझी ध्यानाची वेळ झाली," असं म्हणून ते मागच्या दाराकडे वळले. पण पायऱ्यांवर एक निवृत्त बस कंडक्टर बसला होता, आणि विनातिकीट निसटणारा माणूस पाठमोरा ओळखायची त्याची सवय गेली नव्हती. "थांबा की बाबा, डोळे माझे जातील, तुमचं काय जातंय?" म्हणत त्याने वडी हातातून काढून घेतली आणि कापड सोडलं.

"त्रेचाळीस!" तो ओरडला. "अहो, खरंच त्रेचाळीस! शेपूटसुद्धा लांब आहे!"

आणि मग पहिल्या रांगेतला तो वकील ताडकन उठला, मावशीकडे वळला आणि त्याने हात जोडले. "माताजी! झाकलेलं दिसतं तुम्हाला!" त्याच्यामागे आणखी दहाबारा जणांचे हात जोडले गेले.

"हात खाली!" मावशी अशी कडाडली की तीस वर्षांतली सगळी वांड पोरं एकदम गप्प बसली असती. "लाज नाही वाटत? एक देव पडला नाही तोवर दुसरा बसवायला निघालात! मला काही दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. प्रयोगशाळेत कागदी चिठ्ठ्या ॲसिडने जातात, म्हणून मी प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशने आकडा घालते. ही वडी माझी होती. ही मॅग्नेशियमची आहे, फौजेच्या किटमधली. पावसात अडकलेल्या शिपायाला आग पेटवता यावी म्हणून केलेली. ही काळी रेघ म्हणजे चकमकीची सळई. ती ओली झाली तरी ठिणगी पाडते. आणि पुडीतली राख ही राख नाही, याच वडीचा कोरडा कीस आहे."

"आणि पाण्याने भडकतं ते?" कुणीतरी विचारलं. मावशी सोडून सकाळपासून कुणी विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं. वर सुटलेला हायड्रोजनही पेटतो. नववीच्या पोरांना आम्ही सांगायचो, मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी टाकू नका. बाबा तेवढे नववीला हजर असणार!"

मग तिने भाचीला हाक मारली. "ये गं. तोंड लांब ठेव, ताटाकडे टक लावून बघायचं नाही, आणि घरी हे करायचं नाही."

मावशीच्या घरी हजारदा बघितलेलं ते काम पोरीने निवांतपणे केलं. बाबांच्याच पुडीतला कीस, बाबांचंच कडं. कडं स्थिर, वडी मागे. खर्रकन! पांढरा लखलखाट झाला. मावशीने लांबूनच चार थेंब शिंपडले, जाळ उसळला. या वेळी "आहाहा" कुणी केलं नाही.

"झाला चमत्कार," मावशी म्हणाली. "दहा वर्षांच्या पोरीने केला. आता या पोरीच्या पायावर डोकं ठेवून तुमची औषधं जाळणार का? नाही ना? मग यांच्यासाठी का जाळत होता? नवल दिसलं तर जरूर बघा, पण हात जोडायच्या आधी विचारा, हे झालं कसं? आणि जाळ कसा का होईना, त्याने रोग बरा होतो हे कुणी तपासलंय? विचारू नका म्हणणारा भेटला की समजा, त्याच्या कापडाखाली काहीतरी आहे. चपला राहू द्या बाहेर. शंका आत घेऊन येत जा."

माणसं खाली माना घालून ताटाशेजारच्या ढिगातली आपापली पाकिटं शोधायला लागली. कंडक्टरने बाबांना बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. पोलिसांना फोन करायला वकील आपण होऊन पुढे झाला, तेवढीच अब्रू राखायला.

बहीण अजून जागेवरच उभी होती. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं होतं गं ताई, सुटेल पोरगी," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं होतं."

"ते वाटणं खोटं नव्हतं," मावशी म्हणाली. "सुटण्याचं डॉक्टरांना विचारू. उद्या दोघी जाऊ. आता आधी डॉक्टरांना फोन लाव, चुकलेल्या गोळीचं काय करायचं ते विचार."

फोनवर बोलून झाल्यावर बहिणीने रुमालाची गाठ सोडली. गोळी काढून लेकीच्या तळहातावर ठेवली. मग मंचावर गेली आणि बाबांचा तो मंतरलेल्या पाण्याचा तांब्या उचलून आणला.

"हे?" पोरीने नाक मुरडलं. "हे कसलं पाणी आहे?"

बहिणीने वाकून वास घेतला, एक घोट स्वतः पिऊन बघितला.

"नळाचं आहे," ती म्हणाली. "पी."