मांयची धुमटी

मी सावंतवाडीकडची, म्हणून माझ्या हाताला तिखट. लग्न होऊन गोव्यात, मुळगावात आले तेव्हापासून सासूबाईंचं, म्हणजे पार्वती मांयचं, हेच पालुपद. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. खराब तुकडा काढला, मांय खडखडीत बऱ्या झाल्या. दोन वर्षांनी तेच दुखणं परत आलं. शेजारची कमळाकाकी आमच्या ओसरीवर ठाण मांडून म्हणाली, "सुनेच्या तिखटानं." मांयनी माझ्या हातचं जेवण सोडलं आणि स्वतःची पेज वेगळ्या मडक्यात शिजवायला घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इस्पितळात त्यांना मीच घेऊन गेले. डॉक्टरच्या तोंडूनच ऐकायचं होतं मला.

डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "हा क्रोन्सचा आजार कापून संपत नाही, आजी. खराब भाग गेला, पण आजार अंगातच राहिला. जिथे आतडं जोडलं, तिथेच तो पुन्हा डोकं काढतो. बिडी, सिगारेट ओढता?"

"शी," मांय म्हणाल्या. "बायकामाणसं काय बिडी ओढतात?"

डॉक्टर पुढचं लिहायला लागला. मी म्हटलं, "आणि धुमटी?"

मांयनी असं पाहिलं, जशी मी त्यांची अब्रूच चव्हाट्यावर मांडली. फणसाच्या पानात गुंडाळलेला तंबाखू, पेटतं टोक तोंडाच्या आत. रोज जेवण झालं की जनेलाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसून ओढायच्या.

"ती पोटासाठी गो," त्या पुटपुटल्या. "सगळ्याच म्हाताऱ्या ओढतात."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "धूर तो धूरच. त्यानं या आजाराला जोर येतो. धुमटी सोडली म्हणून तो परतणारच नाही असं नाही, गोळ्याही लागतील. पण ओढत राहिलात तर पुन्हा कापायची पाळी लवकर येईल."

"आणि तिखट?" मी विचारलं.

"पोट दुखत असताना खाऊ नका. पण आजार तिखटानं परतलेला नाही."

बसमध्ये मी तिखटाचा विषयच काढला नाही. जिंकल्यावर कशाला बोला?

कमळाकाकी ओसरीवर होतीच. "काय म्हणाला दोतोर? तिखटच ना?"

मांय आत गेल्या, जनेलावरचा धुमट्यांचा जुडगा उचलला आणि चुलीत टाकला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्या धुरानं वाढलं ते. माझ्या ओसरीवर पुन्हा सुनेचं नाव घ्यायचं नाही, कमळ."

काकी उठून गेली. मांय टेकून बसल्या.

"सुशीले, पेज घाल गो. आता मडकं एकच पुरे."