उशीर नावाची वई

१९७४ साली हे घडलं. मी कॅनडातल्या फंडीच्या उपसागरातल्या एका बेटाजवळ उभी असलेली जुनी वई आहे. मित्रांनो, समुद्रात गोलाकार खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि भरतीबरोबर हेरिंग मासळी आत शिरली की तोंड बंद करायचं, अशी माझी घडण. आमच्याकडे प्रत्येक वईला नाव असतं. मला पुरं व्हायला दोन उन्हाळे लागले, म्हणून मी 'उशीर'. माझी शेजारीण वई 'पावलोणी', मालकाला रोजचा पाव आणि लोणी पुरवणारी.

माझा मालक आल्डन, त्याची बायको थर्झा आणि थर्झाचा भाऊ बर्पी. वादळांनी मोडलेले माझे खुंट हे तिघं दर वसंतात बदलायचे. आल्डन तर मला थोपटूनच घरी जायचा. भरल्या दिवसांत काठावरून लोक माझं कौतुक करत. मग लागोपाठ दोन उन्हाळे मी रिकामी राहिले. तिसराही तसाच गेला तर नवे खुंट आणायचे नाहीत, मला सोडून द्यायचं, असं ठरलं.

त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी धुक्यात पक्ष्यांनी माझ्यावर कल्ला मांडला. आल्डनने येऊन माझं तोंड बंद केलं आणि मासळी नेणाऱ्या बोटीला वायरलेसवरून बोलावलंसुद्धा. मासा हातात न घेताच! पक्षी दिसले की बोट बोलवायची, ही बेटावरच्यांची जुनीच खोड.

थर्झाने मात्र टोपलीभर मासे काढले आणि वल्ह्यावरच्या खाचेशी एकेक लावून पाहिले. सरकारने ठरवलेल्या मापाची ती खाच. एकही मासा तिथवर पोचेना.

"ही तर पोरं आहेत रे!"

"धुक्यात कोण येतंय मोजायला?" बर्पी म्हणाला. "मासळी तपासणारा सरकारी साहेब पलीकडच्या बंदरात अडकलाय."

"मी मोजले ना? मी काय खुंटावरचा पक्षी आहे?"

"आल्डन, सांग तुझ्या बायकोला. आज हे सोडले तर पुढच्या वर्षी ही वई नसेल."

आल्डनने माझ्या खुंटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "पोरं विकून हिला उभी ठेवू रे. पण मग हिच्यात शिरणार कोण, तुझी सासू?"

बर्पीला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

नुसतं तोंड उघडून भागत नाही. मासे गोल गोल फिरत राहतात, वाट त्यांना सापडत नाही. म्हणून थर्झाने एका बाजूचं जाळंच खुंटांवरून सोडवलं, लेकीची वेणी सोडावी तसं, हलक्या हाताने. चंदेरी थवा माझ्या कुशीतून निघून गेला. बोट आली आणि शिव्या घालत परत गेली.

बर्पी नाताळपर्यंत बहिणीशी बोलला नाही. नंतर तो मुख्य भूमीवर सुतारकामाला गेला आणि तिथेच स्थिरावला. आल्डन पाच वर्षांनी वारला. थर्झा पुढे मच्छीमारांच्या सभेत मापाच्या नियमासाठी भांडत राहिली, नव्वदीपर्यंत जगली. मासे सोडले त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात 'पावलोणी' मोठ्या मासळीने भरली. ती माझीच पोरं होती का, कोण सांगणार? मी तशी समजूत करून घेतली आहे.

ठरल्याप्रमाणे माझ्यासाठी नवे खुंट पुन्हा आले नाहीत; आता अकरा उरलेत, जाळं एकही नाही. मित्रांनो, पकडा, पोटभर खा. पण मोजून घ्या, आणि लहानांना जाऊ द्या. त्यांचे थवे आजही माझ्यामधून जातात. मला ते फार आवडतं.