रेणू पाणी का पीत नव्हती

सकाळी दुकान उघडायच्या आधी हेमराजच्या घरात रोज एकच धास्ती असायची, रेणूच्या अंगाला आज वास येतो की काय. आजी देवकाबाई नात जवळ आली की आधी हुंगत. आई दीपमाला चादर पाण्यात टाकून येई. आणि हेमराज, भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांडी विकणारा साधा, पापभीरू माणूस, थोडा जरी वास आला तरी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढून लेकीच्या हातावर गोळी ठेवी.

नऊ वर्षांची रेणू स्पायना बायफिडा घेऊन जन्मली होती. आईच्या पोटात असतानाच तिच्या पाठीचा कणा नीट मिटला नव्हता. नागपूरला ऑपरेशन झालं, पायांना पट्ट्यांचे बूट आले, ती चालायलाही शिकली. पण नसांचं नुकसान झालं ते झालंच. शौचाला लागल्याचं तिला कळत नसे. कित्येक दिवस पोट फुगून राही आणि मग भलत्याच वेळी कपडे खराब होत. लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप येई. अशाच एका तापात डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि रेणू बरी झाली. तेव्हापासून तीच गोळी हेमराजला प्रत्येक वासावरचा उपाय वाटू लागली. औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागत नव्हतं.

चौथीच्या वर्गात रेणूला दाराजवळ एकटीला बाक दिला होता. मुलं नाक धरत, बाई न पाहिल्यासारखं करत. एक दिवस मुख्याध्यापक केशवरावांनी हेमराजला बोलावून घेतलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की इतर पालकांच्या तक्रारी येतात, तेव्हा मुलीला परीक्षेपुरतं पाठवा, हजेरीचं आम्ही बघू.

हेमराज "बरं सर" म्हणाला. भांड्यात खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणारा हा माणूस लेकीसाठी एक वाक्य भांडला नाही!

रेणूने घरी रडून गोंधळ घातला. आता वास येणार नाही, मला जाऊ द्या, असं ती सारखं म्हणत राहिली. शेवटी दीपमालाने तिला पुन्हा शाळेत धाडलं. आणि खरंच, पुढचे काही आठवडे तक्रार आली नाही. देवकाबाईंना नवस फळल्यासारखं वाटलं. पोर सुकत चालली आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका दुपारी शाळेतून फोन आला. रेणू थंडी वाजून वर्गातच कोसळली होती. हेमराजने तिला घरी आणून नेहमीची गोळी दिली. ताप तसूभरही उतरला नाही. तेव्हा कुठे तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रुचिता यांनी पोरीचे फाटलेले ओठ पाहिले आणि शेवटचं केव्हा जेवलीस, असं विचारलं. रेणूने आधी बापाकडे पाहिलं.

"डबा मी वर्गातल्या टीनाले देऊन टाकत होती," ती म्हणाली. "पानीबी नाही पेत होती. पोटात काही गेलंच नाही, तं वास कुठून येईन?"

दीपमालाने पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या ओठांना लावली.

लघवीचा रिपोर्ट आला. रेणूच्या जंतूंवर त्या गोळीचा आता काहीच परिणाम होत नव्हता. डॉक्टरांनी सलाइनमधून दुसरं औषध सुरू केलं, ताप उतरू लागला, आणि मग त्यांनी हेमराजला समोर बसवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यातला संताप लपत नव्हता.

"आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात, भाऊ. बहुतेक आपल्या कामाचे. रेणूची आतडी मंद चालतात, अन्न तिथं रेंगाळतं. अशा मुलांच्या पोटातले जिवाणू इतर मुलांपेक्षा वेगळे दिसतात, त्यावर अजून अभ्यास सुरू आहे. त्यात तुम्ही ऊठसूट गोळी देऊन कामाचे जिवाणू मारत गेले, आणि औषधाला न जुमानणारे तेवढे मागे ठेवले. वरून पोरगी उपाशी. भाजी नाही, पाणी नाही. मग पोट साफ व्हायचं कसं?"

देवकाबाई मागच्या जन्माच्या पापाबद्दल काहीतरी पुटपुटल्या.

"आजी, आजार तिला जन्मानं दिला," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशी राहायला आपण शिकवलं. पाप म्हणायचंच असेल तर याला म्हणा."

त्यानंतर घरातली रीत बदलली. जेवणानंतर ठरल्या वेळी शौचाला बसवायचं, डॉक्टरांनी दाखवलं तसं पोट साफ करून द्यायचं, पालेभाजी, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या दाण्यांची उसळ, भरपूर पाणी. गोळी मात्र तपासणी करून, डॉक्टर म्हणतील तेव्हाच. जादू झाली नाही. कपडे अजूनही अधूनमधून खराब होत, पण पुष्कळ कमी.

शाळेत पालकसभा भरली, तेव्हा हेमराज रेणूला घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"सर, मी त्या दिवशी बरं म्हटलं, तेच चुकलं. शाळेत बसू द्यावं म्हनून माही पोरगी पानी सोडते, अन् आपन हजेरीचं पाहून राहिलो? साहेब लोकांसाठी खुर्चीचं संडास कुलूप लावून ठेवलं हाये, ते तिले उघडून द्या. जेवल्यावर थोडा वेळ द्या. मेहरबानी नाही मांगत."

मागून एका पालकाने विचारलं, "आमच्या पोरांनी वास काहून सोसावा?"

"वास तं धुतल्यावर जाते, भाऊ," हेमराज म्हणाला. "पोर गेली असती तं?"

केशवराव उठून रेणूजवळ आले आणि हे खरं का, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हो सर," रेणू म्हणाली. "तुमी घरी पाठवान म्हनून भेव वाटे."

तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या त्या माणसाला पोरीच्या नजरेला नजर देता येईना. त्यांनी शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दाराजवळचा बाक उचलून त्यांनी स्वतः तो इतरांच्या रांगेत लावला.

वाचकहो, रेणूचा आजार कोणाच्या हातात नव्हता. तिची उपासमार मात्र घराने, शाळेने आणि चिठ्ठीविना गोळ्या विकणाऱ्या बाजाराने मिळून केली. आजारी लेकराला लाज वाटायला लावणं हा गुन्हा आहे, मग त्याला कायद्यात कलम असो वा नसो. तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेत असं मूल असेलच. नाकाला रुमाल लावण्याआधी त्याला एवढं तरी विचारा, की बाळा, तू आज जेवलास का?