अयोध्याचं अठ्ठावीस

मुरुमच्या शाळेत ग्रामसेविकांच्या निवडीचा पेपर झाला, त्याच्या दोन वर्षं आधी आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला होता. पेपर तपासायला मी होते. आठ अधिक चार गुणिले पाच, असं एक गणित होतं. सहापैकी पाच बायकांनी साठ लिहिलं होतं. फक्त अयोध्यानं अठ्ठावीस.

उत्तर बरोबर होतं, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. अयोध्या शेतातली बाई, चौथी शिकलेली. शाळेतला कारकून बसवराज तिचा मावसभाऊ, अन् पेपरचं पाकीट त्याच्याच कपाटात होतं. मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं, "बसवराजनं पेपर फोडला असणार." त्यांनी त्याच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी अयोध्याला बोलावलं.

"हे उत्तर कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय, बाई."

"मग आधी बेरीज का केली नाहीस?"

ती गोंधळली. "आठ पेंढ्या सुट्या हायत. अन् चार ढीग, एकेकात पाच. सुट्या पेंढ्या ढिगात कशाला घालू? आधी ढीग मोजायचे, मग सुट्या मिळवायच्या."

मला पटेना. पाठ करून आली असेल, असं वाटलं. मी तिथल्या तिथं नवं गणित लिहिलं: वीस वजा सहा भागिले दोन. दार लावून घेतलं अन् तिच्या हाताकडं बघत बसले.

"सहाच्या निम्म्या तीन," ती पुटपुटली. "विसातून तीन गेल्या. सतरा."

आधी गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी, हे मी अकरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं, अन् मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तुझ्यावर उगीच शक घेतला."

"माझं जाऊ द्या, बाई," ती उठत म्हणाली. "बसूदादाची किल्ली घेतली ना तुमी? सगळ्या शाळेसमोर?"

मी मुख्याध्यापकांकडं गेले, माझी चूक सांगितली. मग त्यांच्याच समोर बसवराजची माफी मागितली. त्यानं किल्ली घेतली, कमरेला लावली अन् हजेरीपट ओढून कामाला लागला.

अयोध्याची निवड झाली. बसवराज मात्र पुढं वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलला.