वहीतली चांगुणाबाई

युरोपातल्या कुठल्याशा बड्या दुकानाला सोलापूरचे टॉवेल हवे होते. पण त्या टॉवेलनं अंग पुसताना गिऱ्हाइकाच्या मनाला टोचणी लागता कामा नये, अशी त्या दुकानाची अट होती. म्हणून वर्षातून एकदा अक्कलकोट रोडवरच्या दिग्विजयशेठच्या कारखान्यात ऑडिटवाली मॅडम यायची. त्या दिवशी सगळे पंखे फिरायचे, तोंडाला मास्क मिळायचे आणि बायकांच्या संडासाचं कुलूप निघायचं.

एरवी त्या संडासात खोके रचलेले असायचे. सत्ता म्हणजे काय यावर थोर माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहिलेत म्हणे. या कारखान्यात ती दीड इंच लांबीची, पितळेची होती आणि दिग्विजयशेठच्या खिशात असायची. पॅकिंगच्या चौदा बायका सकाळी आठपासून पाणी पीत नसत. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि घोटभर पाण्याचीसुद्धा धास्ती. फारच अडलं तर दोघींना आडोशाला उभं करून गोदामामागच्या बाभळीत जायचं. टॉवेलच्या कडेचे धागे कापणाऱ्या ईरम्माला लघवीच्या जळजळीनं दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुसऱ्यांदा नेताना तिच्या शेजारी टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या चांगुणाला रडू आलं होतं, आणि रडण्याहून जास्त राग आला होता.

यंदा त्या दुकानानं नवंच खूळ काढलं. कारखान्यात महिला कामगारांची समिती हवी आणि तिच्या दरमहा बैठका झालेल्या हव्यात. ऑडिट चार दिवसांवर आलेलं. दिग्विजयशेठनं एक कोरी वही काढली आणि कारकून गुरुबसप्पाला म्हणाला, "बारा महिन्यांच्या बैठका लिहून टाक." अध्यक्ष म्हणून चांगुणाचं नाव पडलं, कारण तिची सही सगळ्यांत सुवाच्य होती.

गुरुबसप्पा हाडाचा नाटकवाला. गावच्या जत्रेसाठी त्यानं सात नाटकं लिहिली होती आणि सातही पडली होती. त्यानं वही भरली ती अगदी जीव ओतून.

गेटवर चनबसप्पा वॉचमन होता. बंद पडलेल्या गिरणीत या गड्यानं तीस वर्षं लाल झेंडा मिरवलेला. आता तो मालकाच्या गाडीला सलाम ठोकायचा आणि गाडी आत गेली की भांडवलशाहीला शिव्या घालायचा. क्रम मात्र कधी चुकला नाही.

"चांगुणाबाई, सही करू नगा," तो म्हणाला. "ह्यो भांडवलशाहीचा कावा हाय. खोटी समिती म्हंजे खऱ्या लढ्याचा खून. सरळ बहिष्कार टाका."

"तुमी टाका की बहिष्कार, अण्णा. तुमाला मोकळं व्हायला गेटामागं भिंत हाय. मला न्हाय."

 चनबसप्पा खिशात बिडी शोधू लागला.

चांगुणाचे वडील दर रविवारी विहारात संविधान मोठ्यानं वाचून दाखवायचे. न वाचता सही करणारा माणूस अंगठेबहाद्दरच, असं ते म्हणायचे. त्यामुळं सहीसाठी वही हातात आली तेव्हा चांगुणा खोक्यावर बसली आणि जेवणाच्या सुटीत सगळ्या बायकांना वाचून दाखवू लागली.

"जुलै महिना. अध्यक्षा श्रीमती चांगुणाबाई यांनी टेबलावर हात आपटून मालकांना खडसावले की, संडासाला कुलूप ही माणुसकीला काळिमा आहे. मालक खजील झाले. किल्ली कायमची अध्यक्षांच्या ताब्यात राहील व बैठकीच्या मंजुरीशिवाय ती कोणासही परत मागता येणार नाही, असे सर्वानुमते ठरले."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चांगुणाला हसू आलं नाही. वहीतली बाई जुलैत टेबलावर हात आपटत होती, तेव्हा ही बाई बाभळीमागं चिखलात उकिडवी बसली होती. तिला त्या दुसरीची लाज वाटली आणि हेवाही वाटला.

"ही कोन गं एवढी खमकी?" ती म्हणाली.

"तूच की," ईरम्मा म्हणाली.

चांगुणानं बारा सह्या केल्या. मग बाकीच्या तेरा जणींनाही करायला लावल्या.

ऑडिटच्या दिवशी मॅडम वही वाचून फार खूश झाली. किल्ली बघू म्हणाली. दिग्विजयशेठनं वही उघडूनही पाहिली नव्हती, पण तो हुशार गडी. त्यानं पुढं होऊन हात मिळवल्यासारखं करत किल्ली चांगुणाच्या मुठीत सरकवली. मॅडमनं चांगुणाचा किल्लीसकट फोटो काढला, वहीच्या पानापानाचा काढला आणि विमान गाठायला निघून गेली.

गाडी वळणाआड गेली तसे पंखे थांबले, मास्क गोळा झाले. दिग्विजयशेठनं हात पुढं केला.

"किल्ली."

"देते की. पन बैठक लावावी लागंल, शेठ. वहीत तसंच लिवलंय."

"अहो चांगुणाबाई, ते सगळं खोटं आहे. तुम्हाला माहितेय, मला माहितेय."

"व्हय. पन मॅडमला म्हाईत न्हाय."

शेठनं गुरुबसप्पाकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच नाटक चालल्याचा आनंद होता, तो त्यानं घाईनं पुसला. मग शेठ गेटकडं वळला. "चनबसप्पा, किल्ली घे तिच्याकडनं."

चनबसप्पा सवयीनं उठून उभा राहिला, सलामही ठोकला. तिथंच थांबला. "मालक, माजी ड्युटी गेटाची. किल्ली म्हंजे बैठकीचा विषय."

पानापानाचा फोटो गेलेल्या त्या वहीकडं शेठनं एकदा पाहिलं. मग गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आठाला चांगुणानं कुलूप काढलं. चौघींनी खोके बाहेर ओढले, फरशी घासली. दहा वाजता ईरम्मानं माठातून तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत, सावकाश, पुरा संपवला. तिच्याकडं बघता बघता चांगुणाचे डोळे भरून आले.

दुपारी गुरुबसप्पा वही आणि पेन घेऊन मोठ्या हुरूपानं आला. "या महिन्याच्या बैठकीत काय लिहू, अध्यक्षा? पंख्यांवरून शेठला जरा झापू का?"

"थांबा," चांगुणा म्हणाली. "औंदा बैठक आदी हू द्या. मग लिवा."