माझी सीट कोणी वर केली नाही

मी प्रगतीची सायकल. खरं तर मी जरा घाबरटच. मागून उसाच्या डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला की माझं हँडल अजूनही थरथरतं. पण या घरात माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, ते ऐकून आणखी गप्प बसले तर मला आतून गंज चढेल. म्हणून बोलते. रागानं बोलतेय, तेवढं समजून घ्या.

प्रगती आठवीत होती तेव्हा मी न्हावऱ्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर आले. जांभळा रंग, पुढं जाळीची बास्केट. प्रगतीच्या वडिलांनी, पोपटरावांनी, पाना घेतला, माझी सीट पार तळापर्यंत दाबली आणि बोल्ट असा आवळला की माझा जीव कळवळला.

"बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकलं पाहिजेत," ते म्हणाले. "पोरीची जात हाय. पडून दात गेला तर कोण करील हिला?"

तेव्हा ते ठीक होतं. पोर एवढीशी होती. पण पुढं? दरवर्षी तिचा युनिफॉर्म उसवून लांब केला. चपला बदलल्या. बारावीनंतर स्थळं सुचवायला आलेल्या बायका तिला दाराच्या चौकटीशी उभी करून उंची बघून गेल्या. पोर वाढली हे साऱ्या गावाच्या ध्यानात आलं, फक्त माझ्या सीटकडं कोणी ढुंकून बघितलं नाही. कॉलेज संपलं तरी ती माझ्यावर आठवीतल्यासारखीच बसायची, गुडघे पोटाशी घेऊन.

मग गुडघे दुखायला लागले. कोणी म्हणालं थंडीनं, कोणी म्हणालं उपासांनी. तिच्या आईनं, साखरबाईंनी, तिळाचं तेल चोळलं आणि वर बजावलं, "बाहेर बोलू नको गं. एवढ्यात गुडघं धरलं म्हणून बोभाटा व्हईल." डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. माझ्या चेनला तेल झालं, चाकात हवा झाली. एवढं करून दोष कोणाचा, तर माझा. "लई जड चालती ही."

जड मी नाही हो. उकिडवं बसून एकदा जिना चढून बघा, मग कळेल.

डिप्लोमा झाला आणि प्रगती रांजणगावच्या एका कंपनीत लागली. कंपनीची बस फाट्यावर येते. वस्तीपासून फाट्यापर्यंत निम्मा रस्ता चढाचा. चढाला तिचे पाय भरून यायचे, मग ती उतरून मला ढकलायची, आणि वर पोचेपर्यंत बसचे मागचे दिवे तेवढे दिसायचे. बस अशी बऱ्याचदा चुकली. सुपरवायझरनं तंबी दिली. घरी पोपटराव त्याच्या वरचढ निघाले.

"परत बस चुकली तर काम बंद. गुडघं घालवून नोकरी करायची गरज न्हाई आपल्याला. आन् ही सायकल भंगारात."

प्रगती ताटातली भाकरी चिवडत राहिली. मी दाराबाहेर उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

शेजारच्या वस्तीवरची मोनाली तिच्याच शिफ्टला होती. संध्याकाळी फाट्यावरून परतताना ती मागून म्हणाली, "प्रगते, मागनं बघितलं की बेडूक चाललाय वाटतं."

"माझी सायकलच तसली."

"आण इकडं. तू बस माझीवर."

मोनाली माझ्यावर बसली आणि पहिल्याच पॅडलला ओरडली, "अगं बाई, ही सीट हाय का जेवायचा पाट?" प्रगती मात्र पुढं गेली. ओढ्याचा पूल ओलांडून पलीकडची चढणही ती न उतरता चढली.

"तुझी हलकी आहे गं," ती वर थांबून म्हणाली.

"हलकी कसली, भंगार हाय. सीट बघ माझी. टाच पॅडलवर ठेवली की पाय खाली सरळ व्हायला पाहिजे. मलाबी कॉलेज सुटल्यावर कळलं. सांगतंय कोण आपल्याला?"

एवढंच होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तेल, गोळ्या आणि माझी बदनामी. मला इतका राग आला की माझी घंटी आपोआप वाजावी असं वाटलं.

घरी येऊन प्रगतीनं पाना लावला. बोल्ट गंजून एकजीव झालेला. साखरबाईंनी शिलाई मशीनचं तेल सोडलं, मायलेकींनी जोर लावला, आणि मी किंचाळत वर आले.

सकाळी आम्ही उडालोच. चढ कधी सरला कळलं नाही. बस उभी होती. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा हॉर्न. मी दचकले, तीही दचकली, आणि सवयीनं सीटवर बसूनच ती दोन्ही पाय जमिनीला लावायला गेली. जमीन लागलीच नाही. आम्ही दोघी आडव्या. कोपर सोलून निघालं, माझी बास्केट चेपली. प्रगती तशीच धूळ झटकत बसमध्ये चढली.

बस रांजणगावला पोचायच्या आत बातमी वस्तीवर पोचली. पोपटराव येऊन मला घेऊन गेले आणि सीट पुन्हा तळाला ठोकली. ती संध्याकाळी आल्यावर म्हणाले, "बघितलंस? उद्यापासून जायचं न्हाई."

प्रगतीनं डबा खाली ठेवला, पाना उचलला आणि सीट पुन्हा वर घेतली. मला खळ्यात नेलं. फेरी मारायची, थांबायचं, तोल जायचा, पुन्हा फेरी. कोंबड्या वैतागून निघून गेल्या. आणि एकदा, थांबायच्या आधीच, ती सीटवरून उठून पुढं आली. सीट आणि हँडलच्या मधल्या जागेत. एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, मी किंचित कललेली. बास. लेडीज सायकलीला ती मोकळी जागा पहिल्यापासून असते. थांबताना सीटवर बसून राहायचं नसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. थेट सीटच खाली केली होती.

पोपटराव ओट्यावरून बघत होते.

"पाय टेकलं पाहिजेत म्हणाला होता ना, आप्पा? बघा."

"आन् ट्रॅक्टर आला तर?"

"उतरीन. अशी." तिनं पुन्हा उतरून दाखवलं. "उद्या मी चाललेय कामाला. विचारत नाही, सांगतेय."

पोपटराव उठले. मग खाली आले, अंगठ्यानं माझं मागचं चाक दाबलं. "हवा कमी हाय ह्याच्यात."

"हवा बरुबर हाय," साखरबाई आतून म्हणाल्या. "तुमच्यानं दुसरं काय बोलवत न्हाई."

आता मी रोज बसच्या आधी फाट्यावर असते. रंग उडालाय, बास्केट वाकडी आहे, पण भंगाराचं नाव कोणी काढत नाही. तरी माझा राग गेलेला नाही. तुमच्या दारात असेल एखादी माझ्यासारखी. तिच्या मालकिणीला एकदा बसवा आणि बाजूला उभं राहून तिचे गुडघे बघा. ती पडेल म्हणून सीट दाबू नका, उतरायचं कसं ते दाखवा.

माझ्या सीटखालची नळी बघा. बाकी मी सगळी गंजले, पण इतकी वर्षं आत दाबून ठेवलेला तेवढा भाग कोरा करकरीत आहे, उन्हात डोळे दिपवतो. लोक विचारतात, नवा पाइप टाकला का? नवा नाही हो. सायकलच्या कारखान्यातून आले तेव्हापासून तो माझ्यातच होता.